जुना मित्र गेल्यावर त्याचं काय काय जपता येतं? नेमकं सांगा

शाळेपासूनचा मित्र गेला की त्याच्या घरची मंडळी दाखले, बँक आणि दिवसकार्यात अडकलेली असतात. त्याचा आवाज, फोटो, पत्रं यांतलं निम्मं सामान मात्र मित्रांकडे पडलेलं असतं, आणि त्यातल्या काही गोष्टींना मुदत असते. ज्यांना यातलं काम ठाऊक आहे त्यांनी इथे लिहा. हळहळ सगळ्यांनाच आहे, ती गृहीत धरू.

मोबाइलवाला

व्हॉट्सॲपचं खातं साधारण 120 दिवस वापरात नसलं की बंद होतं आणि ग्रुपवर तो ‘लेफ्ट’ झाल्याची ओळ येते. मंडळींना आधीच कल्पना द्या, नाहीतर चार महिन्यांनी ती ओळ बघून कुणीतरी हादरतं. प्रीपेड सिम 90 दिवस पडून राहिलं तर नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. तेव्हा त्या नंबरवर भावनेच्या भरात काही लिहू नका, वाचणारा तिसराच असेल.

तुमच्या फोनात आलेले त्याचे व्हॉइस मेसेज तुमच्याकडेच राहतात. अँड्रॉइडच्या व्हॉइस नोट्स फोल्डरमध्ये सगळ्यांचे आवाज एकत्र असतात. फाइलच्या नावात तारीख असते (20210514 म्हणजे 14 मे 2021), पण माणूस कळत नाही. म्हणून त्याचं चॅट उघडून ‘एक्स्पोर्ट’ मीडियासकट करा. त्यात शेवटचे दहा हजार मेसेजच येतात, त्याआधीचे हाताने निवडावे लागतात. हे फोन बदलण्याआधी उरका.

टेपरेकॉर्डर दुरुस्ती

गॅदरिंगची किंवा सहलीतल्या गाण्यांची कॅसेट माळ्यावर सापडली तर लगेच वाजवायला घेऊ नका. खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशीच चालवली तर हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) बरबटतं आणि फीत तुटू शकते. ती जाणकाराकडेच द्या. स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. फितीमागची इवलीशी गादी गळून पडली असेल तर आवाज दबका येतो. दुसऱ्या भंगार कॅसेटची बसवता येते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरीही आवाज कोंडलेला वाटला तर हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी किंचित फिरवा आणि ‘स’, ‘च’ सर्वांत टोकदार ऐकू येतील तिथे थांबा.

रेकॉर्डिंग 44.1 किलोहर्ट्‌झ, 16 बिट, वेव्ह फाइलमध्ये करा. साठ मिनिटांच्या कॅसेटला सहाशेच्या आसपास एमबी लागतात. खरखर काढायची हौस कॉपीवर भागवा. ते फिल्टर खरखरीबरोबर श्वास आणि दबकं हसूही खातात, आणि त्याची ओळख नेमकी त्यातच असते.

अल्बम स्कॅन करणारी

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. पानासकट 600 डीपीआयवर स्कॅन करा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

डीटीपी

स्मरणिकेची पानं चारच्या पटीत धरा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात. ए-फाइव्ह आकारात एका पानावर 12 पॉइंटात सव्वादोनशे-अडीचशे शब्द बसतात. लोकांकडे 300 शब्द मागा, 500 येतीलच. मोबाइलवर टाइप केलेला युनिकोड मजकूर श्री-लिपीत (छपाईवाल्यांच्या फॉन्टमध्ये) वळवताना ‘सुऱ्या’तला ऱ्य, ‘ॲ’ आणि काही जोडाक्षरं फुटतात, म्हणून प्रूफ वळवल्यानंतरचं वाचा, आधीचं वाचून उपयोग नाही.

खरी मेख मजकुरात आहे. ‘त्याच्याबद्दल काहीतरी लिही’ म्हटलं की वीस जण हसतमुख, मनमिळाऊ, अजातशत्रू लिहून देतात आणि तो कुणीही असू शकतो. त्याऐवजी प्रश्न पाठवा. कट्ट्यावर तो कुठे बसायचा? पैसे काढायची वेळ आली की काय करायचा? त्याची लाडकी शिवी कोणती? तुमचं शेवटचं भांडण कशावरून झालं? उत्तरं दोन-दोन ओळींची आली तरी माणूस उभा राहतो. छापण्यापूर्वी मसुदा वहिनींना वाचायला द्या. मित्रांना गंमत वाटणारी एखादी गोष्ट घरात कधीच माहीत नसते.

माईक सांभाळणारा

शोकसभेच्या तसबिरीसाठी व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो चालत नाही. त्याची लांब बाजू बहुधा 1600 पिक्सेलच्या आसपास असते. 12 बाय 18 इंचांत इंचाला नव्वदही पिक्सेल मिळत नाहीत आणि चेहरा धुरकट होतो. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

तेराव्यानंतरचा रविवार बरा पडतो, बाहेरगावचे येऊ शकतात. वक्ते सहा, प्रत्येकी पाच मिनिटं, नावं आधी ठरलेली. ‘अजून कुणाला बोलायचंय?’ असं विचारलं की सभा हातची गेलीच. एखादे काका स्वतःच्याच नोकरीवर घसरतात. ज्याला रडू आवरणार नाही त्याला तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेवा आणि त्याचं लिखाण दुसऱ्याकडेही देऊन ठेवा. पहिला वक्ता कोसळला की पुढच्यांनाही बोलवत नाही. पसायदान म्हणणारा आधीच ठरवा, ऐन वेळी सगळे एकमेकांकडे बघतात.

मोबाइलवाला

एक राहिलं. जमवलेलं सगळं पेनड्राइव्हवर घालून वहिनींना द्या, पण लगेच ऐकवायचा आग्रह धरू नका. वर ‘आवाज’, ‘फोटो’ अशी वेगळी चिठ्ठी लावा. फोटो बघायला काढले आणि एकदम आवाज सुरू झाला, असं होऊ नये.