दालमिलमधल्या पाकिटांचं वजन: चार्टच्या रेषा कुठं आखायच्या?

प्रश्न: यवतमाळकडची दालमिल, १ किलो तूरडाळीची पाकिटं. दर तासाला ५ मोजतो. वजनावर नजर ठेवायच्या चार्टवर (कंट्रोल चार्ट) १००० ± १० ग्रॅमवर रेषा आखल्या. सरासरीचे ठिपके सगळे आत, तरी कमी वजनाची पाकिटं निघतात. असं का?

उत्तर: भाऊ, ती मर्यादा एकेका पाकिटाची. पाचांची सरासरी त्याहून कमी हलते. रेषा मशीनच्याच आकड्यांवरून काढा. २५ गट घ्या. प्रत्येकातलं सर्वांत जास्त वजा सर्वांत कमी, हा आर. सरासरी आर ६ ग्रॅम आला, तर रेषा एकूण सरासरीच्या वर-खाली ०.५७७ × ६, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमवर. ०.५७७ हा पाचाच्या गटासाठी तक्त्यातला ठरलेला गुणक.

उत्तर: आधी आरचा चार्ट बघा, वरची रेषा २.११४ (हाही तक्त्यातला गुणक) × ६ = १२.७ ग्रॅम. त्यातलेच ठिपके रेषेबाहेर असतील तर सरासरीच्या रेषा निरर्थक.

उत्तर: अन् दर ठिपक्याला सेटिंग हलवू नका, फरक वाढतोच. सलग ८ ठिपके एकाच बाजूला आले की काट्याच्या ताटलीखालची चुरी झाडा, शून्य तपासा.