मदत हवी आहे: पणजीत निवांत मुक्काम, गाडीला हात न लावता

नमस्कार गोवेकर मंडळी,

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मित्र पुण्याहून गाडीने कन्याकुमारीला निघतोय. संकेश्वर-आजरा-आंबोली करून बांद्याला उतरायचं आणि ७ तारखेच्या संध्याकाळी पणजी. कळंगुट-बागा यावेळी नकोच. चालवणारे दोघंच, त्यातल्या एकाला कमरेचा त्रास आहे. सलग तीन-चार तास झाले की उतरल्यावर दार धरून उभा राहतो आणि मग कुठे पहिलं पाऊल टाकतो. पुढे कारवार, उडुपी, कोची असा मोठा पल्ला आहे, म्हणून पणजीत त्याने किल्लीला हात लावू नये अशी माझी फार इच्छा आहे.

तेव्हा राहण्याची जागा अशी हवी की सगळं पायी होईल. सकाळी पातळभाजी-पाव खाऊन मळा आणि फोंतेन्हास या जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांतून रमतगमत फिरायचं, दुपारी हुमण-भात, किसमूर, सोलकढी जेवून तुमच्यासारखंच ताणून द्यायचं, उन्हं उतरली की मांडवीच्या काठाने कला अकादमीकडे. मळ्यात घरगुती खोली बरी की आल्तिनोवर? आल्तिनो शांत आहे, पण टेकडीचा चढ मित्राला झेपेल का? जुन्या घरांतले लाकडी जिने उभे असतात, त्यामुळे तळमजल्याची खोली मिळाली तर फार बरं. बाकी साधी चालेल.

दुसरं म्हणजे ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त. ते बघायचंच आहे. शहराचा स्वतःचा सण बघायला मिळणं मला कुठल्याही पर्यटनस्थळापेक्षा मोलाचं वाटतं. पण त्या गर्दीत चर्चच्या आसपास गाडी लावायला जागा मिळणार नाही हे उघड आहे. पाटोच्या बहुमजली पार्किंगमध्ये दोन रात्री गाडी ठेवू देतात का? की खोलीवाल्यालाच आधी विचारून ठेवावं?

जमलंच तर जुने गोवेच्या बसने रायबंदरला उतरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाऊन यायचंय. पलीकडे उतरल्यावर रिक्षा मिळते का, की सगळं चालावं लागतं?

९ तारखेला पहाटे मडगाव-काणकोणमार्गे कर्नाटकच्या सीमेवरच्या पोळेकडे निघू. बुकिंग याच आठवड्यात करतोय, तेव्हा आधी मळा की आल्तिनो तेवढं सांगा. दिवाडीचं सावकाश सांगितलंत तरी चालेल.