गुगलवर जाहिरात आधी की एसईओ आधी? (नाशिक, वॉटरप्रूफिंगचं काम)

इंदिरानगरकर यांचा प्रश्न:

आमचं गच्ची आणि बाथरूम वॉटरप्रूफिंगचं काम आहे. नाशिक शहर, देवळाली आणि सिन्नरपर्यंत कामं घेतो. वर्डप्रेसवर पाच पानांची वेबसाइट आहे. गुगल अ‍ॅड्सची स्मार्ट कॅम्पेन रोज 300 रुपयांवर चालू आहे. फोन येतात, पण बरेचसे पुण्या-मुंबईचे, काही नोकरी विचारणारे, एकाला तर रेनकोट हवा होता. वेबसाइट मात्र आमच्या फर्मचं नाव टाकलं तरी दिसत नाही. एक एजन्सी 15,000 रुपयांत "30 दिवसांत पहिल्या पानावर, गॅरंटीने" म्हणतेय. पावसाळा तोंडावर आहे. पैसे आधी कुठे घालावेत? जाणकारांनी पायरी-पायरीने सांगावं, मला यातलं फारसं कळत नाही.

---

शोधपट्टी:

या पावसाळ्याआधीची कामं हवी असतील तर ती जाहिरातच आणेल. एसईओचं, म्हणजे साइट फुकटच्या निकालांत वर आणण्याच्या कामाचं, फळ पुढच्या मोसमात मिळेल. पण आत्ता चालू आहे ती कॅम्पेन आजच थांबवा. स्मार्ट कॅम्पेनमध्ये तुम्ही फक्त विषय देता, नेमक्या कोणत्या शोधावर जाहिरात दाखवायची ते गुगल ठरवतं. "वॉटरप्रूफ" शब्दावर रेनकोट, बॅग, मोबाइल कव्हर, ताडपत्री असं सगळंच येऊन पडतं.

खातं एक्स्पर्ट मोडमध्ये न्या आणि नवी कॅम्पेन "सर्च" प्रकारची करा. परफॉर्मन्स मॅक्सचा (जवळपास सगळं गुगलवर सोपवणारी कॅम्पेन) आग्रह होईल, सध्या नको. नेटवर्कच्या पायरीवर सर्च पार्टनर्स आणि डिस्प्ले नेटवर्क (गुगल शोधाखेरीज इतर ठिकाणी जाहिरात दाखवणारे पर्याय) यांच्यावर आधीच टिक असते, दोन्ही काढा. नंतर "रेकमेंडेशन्स"मध्ये जाऊन ऑटो-अप्लाय (गुगलच्या सूचना आपोआप लागू होणं) बंद आहे ना ते बघा, नाहीतर तुमच्या नकळत कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसावी ते शब्द, वाढत जातात.

लोकेशनमध्ये नुसतं नाशिक निवडून भागत नाही. खाली "लोकेशन ऑप्शन्स" उघडा. तिथलं मूळ सेटिंग असतं: या भागात असलेले किंवा या भागात रस दाखवणारे. म्हणजे पुण्यात बसून कुणी नाशिकबद्दल काही शोधलं तरी जाहिरात दिसू शकते. ते बदलून "प्रेझेन्स" (फक्त त्या भागात असलेले) करा. सिन्नर वेगळं जोडा, एकच मोठं वर्तुळ काढलं तर नको ती गावंही आत येतात. भाषा मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही ठेवा. घरात मराठी बोलणाऱ्या कितीतरी लोकांचा फोन इंग्रजीतच असतो.

कीवर्ड 10 ते 15 पुरेत. ब्रॉड मॅच (सैल जुळणी, संबंधित वाटणाऱ्या शोधांवरही जाहिरात) नको. अवतरण चिन्हांत लिहिलेला कीवर्ड म्हणजे फ्रेज मॅच (शोधात तो अर्थ आला की जाहिरात), चौकटी कंसात लिहिलेला म्हणजे एक्झॅक्ट मॅच (शोध त्याच अर्थाचा असेल तरच). "टेरेस वॉटरप्रूफिंग नाशिक", "वॉटरप्रूफिंग कॉन्ट्रॅक्टर", "गच्ची गळती दुरुस्ती" अशांपासून सुरुवात करा. इंग्रजीत नाशिक "एच" घालून लिहिलं काय किंवा न घालता, फरक पडत नाही. अशी जवळची रूपं गुगल स्वतःच पकडतं.

निगेटिव्ह कीवर्डचं (ज्या शब्दांवर जाहिरात नको ते) तसं नाही, आणि नवखे अडकतात ते इथेच. निगेटिव्हमध्ये "बॅग" लिहिलं तर "बॅग्ज" अडत नाही, समानार्थी शब्दही अडत नाही. म्हणून एकवचन, अनेकवचन, रोमन, देवनागरी, सगळं वेगवेगळं लिहा. पहिल्या दिवशीच घाला: रेनकोट, जॅकेट, बॅग, मोबाइल, घड्याळ, कव्हर, ताडपत्री, जॉब, सॅलरी, व्हेकन्सी, कोर्स, पीडीएफ. माल विकत नसाल तर "केमिकल"सुद्धा. मात्र "रेट" किंवा "भाव" चुकूनही निगेटिव्ह करू नका. स्क्वेअर फुटाचा रेट विचारणारा माणूस काम करून घ्यायच्या बेतात असतो, तोच तुम्हाला हवा आहे.

मग पहिले दोन आठवडे रोज "सर्च टर्म्स" रिपोर्ट उघडा. कीवर्ड म्हणजे तुम्ही लिहिलेलं, सर्च टर्म म्हणजे माणसाने प्रत्यक्ष टाइप केलेलं. कमी वेळा झालेले काही शोध त्यात दिसत नाहीत, तरी पैसे कुठे जातायत ते इथेच कळतं. नको ते शब्द तिथूनच उचलून निगेटिव्हमध्ये टाका.

जाहिरातीचा मजकूर: रिस्पॉन्सिव्ह सर्च अ‍ॅडमध्ये 15 हेडलाइन देता येतात, प्रत्येकी 30 अक्षरांच्या, आणि 4 डिस्क्रिप्शन, प्रत्येकी 90 अक्षरांची. मराठीत जागा लवकर संपते, कारण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. "गच्ची" डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, मोजणीत पाच होतात. म्हणून "गच्ची गळती थांबवा" इतकं छोटं लिहा, ते 17 मध्ये बसतं.

आणि आपली जाहिरात दिसते का हे बघायला स्वतः गुगलवर शोधत बसू नका. क्लिक न होता नुसती दिसत राहिली तर तिचं क्लिकचं प्रमाण घटतं. त्यासाठी खात्यातच "अ‍ॅड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस" आहे.

---

द्राक्षनगरी:

वेबसाइटचं मी सांगते. फर्मच्या नावावरही साइट येत नसेल तर बहुधा ती इंडेक्सच झालेली नाही, म्हणजे गुगलच्या नोंदीतच नाही. गुगलच्या शोधपट्टीत रोमनमध्ये "साइट", कोलन (:) आणि लगेच तुमचा डोमेन (साइटचा पत्ता), मध्ये जागा न सोडता, असं टाका. एकही पान आलं नाही तर वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, मग रीडिंग उघडा. तिथे सर्च इंजिनांना साइट इंडेक्स करण्यापासून परावृत्त करायची एक टिक असते. साइट बनत असताना ती लावून ठेवतात आणि काम झाल्यावर काढायची राहून जाते. ती काढा.

त्यानंतर गुगल सर्च कन्सोल, गुगलला आपली साइट कशी दिसते ते दाखवणारं साधन. डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंग्जमध्ये) एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे गुगलने दिलेली मजकुराची ओळ, घातला की मालकी सिद्ध होते. साइटमॅप (साइटच्या पानांची यादी) सबमिट करा, मुख्य पानाचा पत्ता यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाका आणि इंडेक्सिंगची विनंती करा. काही दिवसांनी "पेजेस" रिपोर्टमध्ये कोणतं पान का वगळलं त्याचं कारण दिसेल. "क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड" असं आलं तर गुगलने पान वाचलं, पण इंडेक्समध्ये घेतलं नाही. पाच ओळींच्या पानांचं पुष्कळदा असंच होतं.

आता मजकूर. ठेकेदारांच्या साइटवर व्हॉट्सअ‍ॅपला पाठवायचं पत्रकच चित्र म्हणून टाकलेलं असतं: सेवा, भाग, फोन नंबर सगळं त्या चित्रात. त्याच्या भरवशावर राहू नका, तीच माहिती पानावर मजकूर म्हणून लिहा. दुसरा घोळ खास आपल्याकडचा. डीटीपीवाल्याकडून आलेली मराठी जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये असते. तो फॉन्ट लावला तर स्क्रीनवर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि गुगल वाचतं ती तीच. एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करून बघा. कचरा आला तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घ्या.

प्रत्येक कामाला वेगळं पान हवं: गच्ची, बाथरूम, पाण्याची टाकी, बाहेरच्या भिंतीच्या भेगा. "आमच्या सेवा" नावाच्या एकाच पानावर दहा मुद्दे टाकून कशावरच वर येता येत नाही. गच्चीच्या पानाचं टायटल (शोधनिकालात दिसणारं नाव) "होम" नको, "गच्ची वॉटरप्रूफिंग, नाशिक" आणि पुढे फर्मचं नाव. पानात लिहा: पद्धती कोणत्या, प्रत्येकीचा स्क्वेअर फुटाचा अंदाजे रेट, किती दिवस लागतात, पाणी भरून चाचणी कशी घेता, वॉरंटी किती आणि कशावर नाही. लोक फोनवर जे विचारतात तेच. मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमधली शब्दांची यादी) भरत बसू नका, आपण ते क्रमवारीसाठी वापरत नाही हे गुगलने 2009 सालीच जाहीर केलंय.

कामाचे फोटो फोनमधून थेट चढवले की एकेक 4-5 एमबीचा असतो. वेबपी (हलका फोटो फॉरमॅट) करून 200 केबीच्या खाली आणा. पानातला सर्वांत मोठा भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसावा असा गुगलचा निकष आहे. पेजस्पीड इनसाइट्समध्ये मोबाइलचा आकडा बघा, डेस्कटॉपचा नको.

गॅरंटीबद्दल: पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गुगलच लिहून सांगतं. कुणी न शोधणाऱ्या लांबलचक वाक्यावर पहिलं आणून दाखवणं सोपं आहे. ते 15,000 वाचवा. आणि जाहिरात चालू ठेवली म्हणून खालचे फुकटचे निकाल वर येत नाहीत, दोन्ही व्यवस्था वेगळ्या आहेत.

---

पंचवटी_वेब:

दोघांनीही गुगलचं बिझनेस प्रोफाइल (गुगल नकाशावरची धंद्याची नोंद) सोडलं, आणि अशा धंद्याला ते सर्वांत आधी हवं. फुकट आहे. "जवळचा वॉटरप्रूफिंगवाला" शोधलं की नकाशासोबत जी दुकानं दिसतात ती तिथूनच येतात. क्रम ठरतो तीन गोष्टींवर: शोधाशी मेळ, अंतर आणि ख्याती. अंतर आपल्या हातात नाही, बाकी दोन आहेत.

प्रायमरी कॅटेगरी वॉटरप्रूफिंगच्या सर्वांत जवळची घ्या, मोघम "कॉन्ट्रॅक्टर" नको. नाव बोर्डावर आहे तेच. "अमुक वॉटरप्रूफिंग बेस्ट इन नाशिक कॉलेज रोड" असलं नाव लावलं की प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं आणि परत मिळवायला फार त्रास होतो. ग्राहक तुमच्याकडे येत नसतील तर पत्ता लपवा आणि सर्व्हिस एरिया भरा, 20 भाग देता येतात. पडताळणी बहुतेक वेळा व्हिडिओने होते. न तोडता किमान 30 सेकंदांचं शूटिंग: बाहेरचा रस्ता आणि पाटी, मग अवजारं, गाडी, कागदपत्रं. रिव्ह्यू मागा, पण सूट देऊन नको, ते नियमात बसत नाही.

शोधपट्टींच्या "प्रेझेन्स"शी सहमत, फक्त वाचणाऱ्या इतरांसाठी एक सांगतो. हा नियम सगळ्या धंद्यांना लागू नाही. 2027 च्या सिंहस्थासाठी लॉज किंवा होमस्टेची जाहिरात करणाऱ्याचा ग्राहक बाहेरगावीच बसलेला असतो. त्याने "प्रेझेन्स" लावून फक्त नाशिक ठेवलं तर सगळा पैसा वाया.

---

इंदिरानगरकर:

सगळ्यांचे आभार. वर्डप्रेसमधली ती टिक खरंच लागलेली निघाली, काढली. दोन शंका. 300 रुपये पुरतील का? आणि सध्याचं जाहिरात खातं ज्याने सेट केलं त्याच्याच ईमेलवर आहे, ते चालेल का?

---

शोधपट्टी:

300 रुपये ही सरासरी धरली जाते. एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत, म्हणजे 600 जाऊ शकतात, पण महिन्याला 30.4 पटीच्या वर नाही: 9,120 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी. आधी पैसे भरायच्या पद्धतीत तो भरलेल्या रकमेतूनच वजा होतो, 1,000 भरले तर जाहिरातीला साधारण 847 उरतात. जीएसटी नंबर बिलिंगमध्ये भरा, म्हणजे क्रेडिट घेता येईल.

पुरतील का ते कामाच्या आकारावर आहे. समजा क्लिक 30 रुपयांना पडला, तर महिन्याला 304 क्लिक. शंभरात पाचांनी फोन केला तर 15 फोन, त्यातली तीन कामं ठरली तर एका कामामागे 3,040 रुपये. पूर्ण गच्चीच्या कामात हे निघून येतं, एका बाथरूमच्या कोपऱ्याच्या दुरुस्तीत नाही. म्हणून सध्या जाहिरात फक्त गच्चीची करा आणि ती थेट गच्चीच्या पानावर न्या, होमपेजवर नाही. तुमच्या भागातला क्लिकचा अंदाज कीवर्ड प्लॅनरमध्ये मिळेल. बिडिंग (क्लिकसाठी बोली लावायची पद्धत) सुरुवातीला "मॅक्सिमाइज क्लिक्स" (बजेटात जास्तीत जास्त क्लिक), आणि एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्यायचे याची मर्यादा घातलेली.

टॅग मॅनेजरमधून (साइटवरचे क्लिक मोजायला लागणारं गुगलचं साधन) फोनच्या आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावरचे क्लिक कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीतून मिळालेला प्रतिसाद, म्हणून नोंदवा. बटण दाबलं म्हणजे बोलणं झालं असं नाही, म्हणून जोडीला वहीही ठेवा: फोन कुठल्या भागातून आला, काम कोणतं, ठरलं का.

---

द्राक्षनगरी:

खातं दुसऱ्याच्या ईमेलवर अजिबात नको. तो माणूस सोडून गेला की कुठले शब्द चालले, कुठले नाही, हा सगळा इतिहास त्याच्याबरोबर जातो. अ‍ॅड्समध्ये अ‍ॅडमिन, सर्च कन्सोलमध्ये ओनर, बिझनेस प्रोफाइलमध्ये प्रायमरी ओनर, आणि डोमेनची नोंदणी, चारही ठिकाणी तुमचाच ईमेल हवा. एजन्सीला तिच्या मॅनेजर खात्यातून (अनेकांची जाहिरात खाती सांभाळायचं खातं) जोडून घ्या, ती जोडणी हवी तेव्हा तोडता येते. तो अ‍ॅडमिन हक्क द्यायला टाळाटाळ करत असेल तर वाद घालण्यात मोसम घालवू नका. शोधपट्टींनी सांगितलेली कॅम्पेन तुमच्या ईमेलवर नव्या खात्यात सुरू करा आणि जुन्या खात्यात पैसे भरणं थांबवा.