मदत हवी आहे: आजीला सांगली दाखवायची आहे

नमस्कार मंडळी. मी वालचंद कॉलेजला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रविवारी लातूरहून आई-बाबा आणि आजी पहिल्यांदाच येताहेत, मिरजेला उतरतील. आजीचे गुडघे दुखतात, दहा पायऱ्या चढली की ती कठड्याला धरून उभी राहते. पण फोनवर तिचं एकच, "तू लोखंड कापतोस ती मशीन मला बघायचीय." रविवारी वर्कशॉप बंद असतं. परवानगी कुणाकडे मागायची? निदान खिडकीतून तरी तिला लेथ दाखवायचं आहे.

गणपती मंदिर आणि आयर्विन पूल ठरलेलं आहे. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम बघायचा, तर रिक्षा घाटाच्या किती जवळ जाते? आजीला कमीत कमी चालावं लागेल असं बघतोय.

बाबा गावच्या भजनी मंडळात गातात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळ्यापासून तंबोरा घडताना त्यांना बघायचाय. रविवारी कारागीर काम करतात का? नुसतं बघायला गेलेलं चालतं का?

भडंग कुठून घ्यावं तेही सांगा, आईने शेजाऱ्यांसाठी दोन किलो सांगितलंय.