मदत हवी आहे: बुकिंग उघडलं की सर्व्हर ठप्प, एवढी कनेक्शन्स कशी हाताळायची?

घाईतला: एकांकिका स्पर्धेच्या तिकिटांची साइट आहे, १० वाजता बुकिंग उघडतं आणि मिनिटभरात सगळ्यांना ५०२ एरर दिसायला लागतो, मग फोनवर फोन. वर्कर कनेक्शन्स (वेब सर्व्हरने एकावेळी किती कनेक्शन्स घ्यायची ती मर्यादा) १०२४ चे १०००० केले तरी तेच. शनिवारी पुढची फेरी आहे, प्लीज लवकर सांगा किती ठेवू.

लॉगवाला: काय चालवताय ते तरी लिहा. मागे काय आहे, रॅम किती, एरर लॉग काय म्हणतोय?

घाईतला: पुढे वेब सर्व्हर एनजिनएक्स, मागे पीएचपी चालवणारं पीएचपी-एफपीएम, डेटाबेस मायएसक्यूएल, सगळं एकाच मशीनवर, ४ जीबी रॅम. लॉग संध्याकाळी टाकतो, आकडा सांगा ना आधी.

उबुंटूभक्त: फाईल लिमिट बघा, प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक उघडी फाईल आणि ती मर्यादा बऱ्याचदा १०२४ च असते. सिस्टमच्या लिमिट्स डॉट कॉन्फ फाईलमध्ये वाढवा.

लॉगवाला: सिस्टमडीने (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्रॅम) सुरू झालेल्या सर्व्हिसला ती फाईल लागूच होत नाही हो, सर्व्हिसच्या युनिट फाईलमध्ये लिमिट-नोफाईल द्यावं लागतं. आणि फाईल्स संपल्या असत्या तर लॉगमध्ये 'टू मेनी ओपन फाइल्स' ओरडलं असतं.

क्लाउडकर: कशाला एवढं, भार अनेक मशीन्सवर वाटणारा लोड बॅलन्सर घ्या, गर्दीनुसार मशीन्स वाढवणारं ऑटोस्केलिंग लावा, विषय संपला.

जुनं_खोड: नवीन मशीन उभं राहीपर्यंत तिकिटं संपलेली असतात. आणि तीन मशीन्स लावून शेवटी एकाच डेटाबेसवर धडकणार, मायएसक्यूएलची डिफॉल्ट मर्यादा १५१ कनेक्शन्सची आहे. प्रोग्रॅमर डॅन केगेलने एका सर्व्हरवर दहा हजार कनेक्शन्स कशी झेलायची हा प्रश्न १९९९ मध्ये मांडला, तेव्हा अपाची वेब सर्व्हर एका कनेक्शनला एक प्रोसेस अडकवून ठेवायचा. एनजिनएक्स इव्हेंट लूपवर चालतो, म्हणजे एकच प्रोसेस हजारो कनेक्शन्स सांभाळते, नुसती उघडी कनेक्शन्स त्याला जड नाहीत. अडतंय ते मागे.

क्लाउडकर: सगळ्यांचं ट्रॅफिक सारखं नसतं, आमच्याकडे चाललं.

नाट्यवेडी: कुठल्या शहरात आहे स्पर्धा? तिकिटं उरली आहेत का?

घाईतला: लॉग: एफपीएम म्हणतंय मॅक्स चिल्ड्रन (एकावेळी चालणाऱ्या पीएचपी प्रोसेसची मर्यादा) ५ ला पोचलं, वाढवा. एनजिनएक्समध्ये एफपीएमशी जोडणाऱ्या सॉकेटवर 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल'च्या ओळी भरभरून आहेत.

लॉगवाला: मग झालं की. ५ हे डिफॉल्टच आहे, म्हणजे एकावेळी पाचच जणांचं काम होतंय, बाकीचे सॉकेटच्या रांगेत. रांग भरली की एनजिनएक्सला आत घेतच नाहीत, म्हणून लगेच ५०२, नुसतं वाट बघून कंटाळला असता तर ५०४, म्हणजे टाइमआउट, दिला असता. एका पीएचपी प्रोसेसला किती मेमरी लागते ते बघा, समजा ६० एमबी आणि पीएचपीला २ जीबी देता येत असेल तर ३० ठेवा, ३०० नको, रॅम संपून डिस्कवरच्या स्वॅपमध्ये गेलं की सगळंच संपलं. त्यापलीकडच्या लोकांना लांब रांगेत ताटकळत ठेवू नका, ५०३ (सध्या सेवा उपलब्ध नाही) आणि रीट्राय-आफ्टर (किती वेळाने परत या) लगेच द्या, साधं एचटीएमएल पान, पीएचपीला न शिवता. रांगेत अडकलेला माणूस रिफ्रेश दाबत राहतो आणि भार दुप्पट होतो.

उबुंटूभक्त: एका आयपीवरून किती विनंत्या घ्यायच्या त्यावर लिमिट-रिक्वेस्ट लावा.

लॉगवाला: लावा, पण सैल. मोबाईल नेटवर एकाच आयपीमागे शेकडो लोक असू शकतात, खरे प्रेक्षकच बाहेर राहतील.

घाईतला: ३० केलं, लोड टाकून बघितलं, ५०२ गेले पण आता सीटचं पान ८ सेकंद घेतंय.

जुनं_खोड: मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग (संथ क्वेरींची नोंद) चालू करा आणि सीटच्या टेबलावर इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) कुठले आहेत ते इथे टाका.