बारावीत मराठी माध्यमाच्या पोरांनी क्लॅट द्यावी का, की फक्त लॉ सीईटीच नीट करावी? (नाशिक)

कोर्टातला_ज्युनियर
नमस्कार मंडळी. निकाल लागले की दरवर्षी ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच की पोराला वकील करायचंय, कुठला क्लास लावू, आणि हल्ली त्यातले बरेच जण कॉलेज रोडला क्लॅटची, म्हणजे एनएलयूंच्या (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या) प्रवेश परीक्षेची, बॅच आधीच बघून आलेले असतात. मी नाशिकलाच सीईटी देऊन लॉ केलं, आता जिल्हा कोर्टात ज्युनियरशिप करतोय, आणि माझं स्पष्ट मत आहे की मराठी किंवा सेमी माध्यमातून आलेल्या पोरांनी बारावीच्या वर्षात क्लॅटच्या मागे लागू नये, सगळा जोर आपल्या राज्याच्या पाच वर्षांच्या लॉ सीईटीवर लावावा.

दोन्ही पेपर १२० प्रश्नांचे, दोन्ही दोन तासांचे, म्हणून लोकांना वाटतं एकाचा अभ्यास केला की दुसरा आपोआप होतो. अजिबात नाही. क्लॅट पूर्ण इंग्रजीत, साधारण ४५० शब्दांचे उतारे वाचायचे आणि त्यावरचे प्रश्न सोडवायचे, गणितसुद्धा तसंच उताऱ्यातून येतं, आणि उत्तर चुकलं की पाव मार्क गेला. सीईटी मराठी-इंग्रजी दोन्हीत असते, प्रश्न बरेचसे थेट, राज्यघटनेतलं कलम, कायद्याची मूलतत्त्वं, सामान्य ज्ञान, तर्क, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. त्यात क्लॅट होते डिसेंबरात, बारावीची बोर्ड फेब्रुवारीत. दिवाळीनंतरचे दोन महिने क्लॅटच्या मॉकमध्ये (सराव पेपरांत) गेले की बोर्डाचा अभ्यास राहतो, आणि क्लॅट नाही निघाली तर पोरगं जानेवारीत हातपाय गाळून बसतं, जेव्हा सीईटी अजून पुढे असते. मी हे बघितलंय जवळून.

आणि सीईटीतून मिळतं ते काही कमी नाही हो. मुंबईचं जीएलसी (सरकारी लॉ कॉलेज) १८५५ पासून आहे, पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज आहे, दोन्हीकडे याच परीक्षेतून कॅप राउंडने (राज्याच्या एकत्रित प्रवेश फेरीने) प्रवेश होतो. घरी राहून शिकायचं तर नाशिकला एनबीटी लॉ कॉलेज आहे, मविप्रचं आहे. मग क्लॅटच्या नुसत्या फॉर्मला ४००० रुपये आणि वर क्लासची फी कशाला घालायची?

सिन्नरहून_एनएलयू
दादा राग मानू नका, पण तुमच्यासारखी सांगणारी माणसं मला अकरावीत भेटली असती आणि मी ऐकलं असतं तर आज मी इथे नसतो. मी दहावीपर्यंत सिन्नरला मराठी माध्यमात, आता एनएलयूत चौथ्या वर्षाला. पहिल्या सेमिस्टरला वर्गात तोंड उघडायला भीती वाटायची हे खरंय, पण ती भीती जाते, इंग्रजी वाचून वाचून येतं, ते काही रक्तात असावं लागत नाही.

"मराठी माध्यमाच्या पोरांनी क्लॅट देऊ नये" असं सरसकट बोललं की ऐकणारा काय समजतो, तर आपली पोच तेवढी नाही. मुंबई, नागपूर, संभाजीनगर इथल्या एनएलयूत महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत, त्या जागा मग कोण भरणार, फक्त मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांतली पोरं? आमच्या सिन्नर-दिंडोरीच्या पोरांनी त्या जागा बघायच्याच नाहीत का?

आणि क्लॅटला कायदा पाठ नसला तरी चालतं हे लोकांना माहीतच नसतं. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो नीट वाचून दिलेल्या प्रसंगाला लावायचा. उदाहरण देतो. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा इंग्लंडचा खटला आहे, १८६८ चा, एकाच्या जलाशयाचं पाणी दुसऱ्याच्या खाणीत शिरलं. नियम ढोबळमानाने असा निघाला की धोकादायक गोष्ट स्वतःच्या जमिनीवर आणून साठवली आणि ती निसटून दुसऱ्याचं नुकसान झालं तर निष्काळजीपणा नसला तरी जबाबदारी तुमची. आता समजा निफाडात एकाचं शेततळं फुटलं आणि खालच्या माणसाची द्राक्षबाग वाहून गेली, जबाबदार कोण? आणि तळ्याचा बांध रात्री तिसऱ्याच कोणीतरी मुद्दाम फोडला असेल तर? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदलतं, कारण तिसऱ्या माणसाचं कृत्य हा त्या नियमाचा अपवाद आहे. बस्स, हेच क्लॅटचं लीगल रिझनिंग. शेतकऱ्याच्या पोराला हे समजणार नाही असं कोणी म्हणू शकतं का?

कोर्टातला_ज्युनियर
@सिन्नरहून_एनएलयू अरे भावा, समजणार नाही असं मी म्हटलंच नाही. शेततळ्याचं उदाहरण तू मराठीत चार ओळीत सांगितलंस म्हणून पटकन समजलं. पेपरात ते ४५० शब्दांच्या इंग्रजीत येतं, तसे उतारे एकामागून एक, आणि प्रश्नाला सरासरी एक मिनिट, उतारा वाचायचा वेळही त्यातच. अडचण अकलेची नाही, वेगाची आहे. तो वेग बारावीच्या जूनमध्ये सुरू करून डिसेंबरपर्यंत येत नाही.

तू अकरावीपासून केलंस ना? मग तुझी गोष्ट वेगळी. अकरावीच्या पहिल्या दिवसापासून तयारी असेल तर जरूर द्या क्लॅट, माझी काहीच हरकत नाही. माझा विषय बारावीत जागे होणाऱ्यांचा आहे आणि माझ्याकडे येणारे बहुतेक तेच असतात.

सिन्नरहून_एनएलयू
हे तुम्ही आता सांगताय, वर तर अकरावीचा उल्लेखच नाहीये. ज्याचं पोर आत्ता दहावी झालंय तो पालक वरचं वाचून क्लॅटचा विचारच सोडून देईल ना.

अकरावीची_शिक्षिका
मी गंगापूर रोडच्या एका ज्युनियर कॉलेजात आर्ट्सला शिकवते. मला या दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते, ती म्हणजे ही निवड पोरांनी करायला मुळात लागूच नये. मेडिकलची नीट परीक्षा मराठीत देता येते, जेईई मेन मराठीत देता येते, डॉक्टर आणि इंजिनियर व्हायला मराठी चालते, आणि ज्या व्यवसायात उद्या गावातल्या माणसाची बाजू मांडायची त्याच्या राष्ट्रीय परीक्षेला मात्र फक्त इंग्रजी. यावर २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टात जनहित याचिका झाली, क्लॅट प्रादेशिक भाषांतूनही घ्यावी म्हणून, आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाने तिला पाठिंबा दिला. माझ्या वर्गात अशा मुली आहेत की नागरिकशास्त्राचा एखादा प्रश्न टाकला तर अशी बाजू मांडतात की ऐकत राहावं, पण तोच उतारा इंग्रजीत दिला की दुसऱ्या परिच्छेदाला थांबतात. त्या मुलींना "तुमची तयारी कमी पडली" असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

वकीलताई_सिडको
मॅडम, तुमची तळमळ पटते, पण मी वीस-एक वर्षं प्रॅक्टिस करतेय आणि मला हे सांगावंच लागेल. खालच्या कोर्टात मराठी आहे, १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका कोर्टाची भाषा मराठी झाली, दावा मराठीत, साक्षीपुरावा मराठीत. पण हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाची भाषा घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजी. आणि आम्ही खालच्या कोर्टात युक्तिवाद करतो तेव्हा आधार म्हणून जे निकाल दाखवतो ते बहुतेक इंग्रजीतच असतात, चाळीस-पन्नास पानांचे. साधा वाटपाचा दावा असला तरी. माझ्याकडे येणारे ज्युनियर फिर्याद उत्तम लिहितात, उलटतपास चांगला घेतात, आणि निकालपत्र हातात दिलं की फक्त वरचा सारांश वाचून येतात. त्यात नुकसान अशिलाचं होतं.

म्हणून परीक्षा मराठीत आली तर मला आनंदच आहे, पण इंग्रजी वाचायची सवय टळत नाही, आज लावा नाहीतर पाच वर्षांनी लावा. सीईटीचा पेपर मराठीतून दिला तरी त्यातला इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच असतो ना. ज्युनियरचं मत मला एवढ्याचसाठी पटत नाही की तो म्हणतो सीईटीचे प्रश्न थेट आहेत म्हणून तेवढंच करा. थेट प्रश्नांची गाईड पाठ करून आलेलं पोरगं लॉच्या पहिल्या वर्षाला अडखळतं. क्लॅट द्या न द्या, क्लॅटसारखं वाचन करा.

कोर्टातला_ज्युनियर
@वकीलताई_सिडको ताई, वाचनाबद्दल पूर्ण मान्य. पण बारावीच्या पोराला दिवसाचे तास तेवढेच असतात. आधी प्रवेश, मग वाचन. आणि न्यायाधीश व्हायचं स्वप्न घेऊन येणारे खूप असतात, त्यांनाही सांगतो, मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षं वकिली केलेली असणं परत सक्तीचं झालंय. एनएलयूतून या नाहीतर आपल्या नाशिकमधून या, ती तीन वर्षं कोर्टात उभं राहावंच लागणार.

लासलगावचे_पालक
सगळ्यांचं वाचलं. माझी मुलगी अकरावी कॉमर्सला आहे, मराठी माध्यम, घरात वकिलीशी कोणाचा संबंध नाही, आमचा कांद्याचा व्यवसाय. नाशिकला एका क्लासमध्ये गेलो तर दोन वर्षांची फी एकदम भरा म्हणाले, आज भरली तर सवलत, उद्या नाही. रोज लासलगाव ते नाशिक बसने येणं-जाणं नाही जमणार, म्हणजे होस्टेल आलं. सेल्फ स्टडी करा म्हणणं सोपं आहे पण तिला अडलं तर विचारायचं कोणाला? क्लासला नावं ठेवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. बाकी भाषेचं आणि घटनेचं नंतर बघू.

नाशिकरोडवाला
काका, एक वेगळा रस्ता सांगतो. मुलीला आधी बीकॉम करू द्या, नंतर तीन वर्षांचं एलएलबी आहे, त्याची सीईटी वेगळी असते. मी नोकरी सांभाळून तेच करतोय. अठराव्या वर्षी सगळं ठरलंच पाहिजे असं नाही.

अकरावीची_शिक्षिका
@नाशिकरोडवाला तो रस्ता चांगलाच आहे पण गावाकडे मुलींच्या बाबतीत "आधी डिग्री होऊ दे मग बघू" याचा अर्थ बऱ्याचदा लग्न असा होतो. काकांच्या घरी तसं असेल असं नाही म्हणत. पण मुलीला आत्ता शिकायचंय तर आत्ताच शिकू द्या.

सिन्नरहून_एनएलयू
@लासलगावचे_पालक काका, अकरावी म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे, हीच सगळ्यात मोठी गोष्ट. फी एकदम भरू नका, आज-उद्याच्या सवलतीला तर अजिबात भुलू नका. पहिले तीन-चार महिने क्लासची गरजच नाही. इंग्रजी पेपरचं संपादकीय पान रोज, एकच लेख, पण पूर्ण, आणि वाचून झाल्यावर लेखकाचं म्हणणं काय आणि त्याला आधार काय दिलाय हे दोन-तीन ओळीत लिहायचं, सुरुवातीला मराठीत लिहिलं तरी चालेल. क्लॅट घेणाऱ्या एनएलयूंच्या कन्सॉर्टियमच्या साइटवर तिचे जुने पेपर असतात, महिन्यातून एक घड्याळ लावून सोडवायचा. घटनेची मराठी प्रत घरात आणा, मूलभूत हक्कांचा भाग, कलम १२ ते ३५, तो तिने गोष्टीसारखा वाचावा, सीईटीलाही तोच कामाला येतो. कधी नाशिकला आलात तर सार्वजनिक वाचनालय दाखवा तिला, १८४० पासूनचं आहे, तिथे बसून वाचणाऱ्यांकडे बघूनच वाचावंसं वाटतं. चार महिन्यांनी वाचनाचा वेग वाढलाय का बघा. वाढला असेल तर क्लॅट आणि सीईटी दोन्हीचं ठरवा, अडलेलं विचारायला आठवड्याची ऑनलाइन बॅच पुरते.

कोर्टातला_ज्युनियर
हे सगळं बरोबर आहे पण चार महिन्यांनी वेग नाही वाढला तर काय, हे पण सांग ना काकांना. तेव्हा क्लॅट सोडायची तयारी ठेवायला हवी. काका, एनएलयूचा खर्चही आत्ताच विचारात घ्या, फी-होस्टेल धरून वर्षाला दोन-तीन लाखाच्या घरात जातो, पाच वर्षं. शिष्यवृत्त्या असतात, पण त्याची चौकशी प्रवेश मिळाल्यावर नाही, आधी करायची. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल (रहिवासाचा दाखला), लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेयर, ही कागदं आत्तापासून काढायला लागा. डोमिसाइल वेळेत हातात नाही म्हणून मार्क असूनही अडकलेली पोरं आहेत. कुठलीही परीक्षा द्या, हे लागणारच.

वकीलताई_सिडको
आणि एक दिवस तिला कोर्टात घेऊन या काका. खुल्या कोर्टात कामकाज चालतं तिथे मागे बसून कोणालाही ऐकता येतं. सकाळी अकराला या, दुपारपर्यंत बसा. उलटतपास कसा होतो, तारीख कशी पडते, वकील दिवसभर खरं काय काम करतो ते तिने डोळ्यांनी बघावं. क्लॅट की सीईटी हे त्यानंतर ठरवा.

लासलगावचे_पालक
दाखल्यांचं तलाठ्याकडे उद्याच बघतो. क्लासवाल्यांना फोन करून सांगितलं की दिवाळीपर्यंत थांबतोय. ताई, सोमवारी बाजार असतो आमचा, मंगळवारी आणलं तर चालेल का?

वकीलताई_सिडको
मंगळवारी या. ओळखपत्र बरोबर ठेवा, गेटवर विचारतात.

सिन्नरहून_एनएलयू
@कोर्टातला_ज्युनियर दादा, वेग नाही वाढला तर अजून दोन महिने द्यायचे, सोडायचं नाही. या मुद्द्यावर आपलं एकमत होणार नाही.