मदत हवी आहे: भोगव्याचं होमस्टे, बुकिंग पुण्यातून, होडी निवतीची. परतावा कुणी ठरवायचा?

नमस्कार मंडळी,

भोगव्यात (ता. वेंगुर्ला) आमचं छोटं होमस्टे आहे. घर, जेवण मी आणि जाऊबाई बघतो. इन्स्टाग्राम आणि चौकश्या पुण्याची भाची नोकरी सांभाळून करते, हिशोब ठाण्याचे भावोजी ठेवतात, डॉल्फिनच्या फेरीला होडी निवतीची. सगळं काम व्हॉट्सॲप ग्रुपवर. माणसं जिवाभावाची आहेत, म्हणूनच हे आत्ताच नीट लावून घ्यायचंय.

पाहुणे भाचीकडे पैसे भरतात, तेव्हाच फेरीही ठरून जाते. इथे सकाळी वारा सुटला की होडीवाले काका नाही म्हणतात. त्यांचं बरोबरच असतं, समुद्र त्यांना कळतो. पण पाहुणे टोप्या घालून, पोरांना तयार करून अंगणात उभे असतात, भाची मीटिंगमध्ये असते आणि पैसे परत द्यायचे की फेरी उद्यावर ढकलायची, हे सांगायला कुणीच नसतं. पावसाळ्यात होड्या बंद, त्यामुळे जे काय कमवायचं ते मेपर्यंतच. दोन पाहुणे नाराज होऊन गेले तरी जिवाला लागतं.

दुसरं, रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुटतं. कुडाळचं तिकीट मिळालं की लोक लगेच खोली विचारतात, त्यात बुकिंगच्या साइटवरची तारीख बंद व्हायला वेळ लागतो. एकच खोली दोघांना जाऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

आणि भाचीला दर बुकिंगमागे द्यावं की महिन्याला ठरावीक? ती मागत नाही, पण फुकट राबवणं मला पटत नाही.

वेळासला कासव महोत्सवात पाहुणे गावातल्या घरांत उतरतात. तिथलं कुणी असेल तर जरूर लिहा.

प्रतिसाद (कर्दे, दापोली):
ताई, होडीचे पैसे आगाऊ घेऊच नका. फेरी झाल्यावर पाहुण्यांनी थेट काकांना द्यायचे. बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहा, ‘फेरी हवामानावर, होडीवाल्यांचा शब्द शेवटचा’. आम्ही एक खोली साइटवर टाकतच नाही, ती फक्त फोनवर देतो. भाचीला दर बुकिंगमागे द्या, सीझन संपला की ओझं राहत नाही. गूगलवरच्या नोंदीची मालकी मात्र तुमच्या नावावर ठेवा, भाचीला मॅनेजर करा.

धागाकर्ती:
होडीचं आजच काकांशी बोलते. खोली राखून ठेवता ती मे महिन्यातही रिकामी राहत नाही ना?